कागदावरचा रुपया



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘जुन्या कागदी नोटा’ असे सांगितले. ते थोडे चमकले. कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो पगार, बोनस आणि महागाईभत्ता यांविषयी बोलणार, अशी साहजिकच अपेक्षा असते. आम्ही त्यांस म्हणालो, आम्ही पगाराविषयीच बोलणार आहो. फरक इतकाच की, पगार किती असावा हे न सांगता तो ज्या कागदावर हाती पडतो त्या कागदाविषयी बोलू. महिनाभर राबून माणूस जे घरी नेतो त्याच्याकडे निरखून पाहण्याची सवय आपल्यांत फार थोड्यांस आहे. नोट हाती आली की आपण आकडा पाहतो व घडी घालतो. आज तासभर ती घडी उलगडून पाहावी, एवढीच विनंती आहे.

आमचे शालेय शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे काही असेल ते नगर वाचनालयाच्या बाकावर आणि संघटनेच्या कचेरीत झालेले आहे. त्यामुळे येथे पंडिताचा आव आणण्याचे कारण नाही. या छंदाचा आरंभही विद्वत्तेतून झाला नाही. ऐन विशीत आम्ही एका सूतगिरणीत कोंबर खात्यात कामाला होतो आणि संघटनेची वर्गणी गोळा करण्याचे काम आमच्याकडे होते. पाळी सुटली की फाटकाशी उभे राहून रुपया-दोन रुपये घ्यावयाचे, वहीत खूण करावयाची आणि रात्री खोलीवर सारी रक्कम मोजून ठेवावयाची, असा क्रम होता. एका रात्री मोजता मोजता दोन नोटांवर आम्हांस एकच सही दिसली. एक नोट रुपयाची होती, दुसरी दहाची. सही होती मनमोहन सिंग यांची. रुपयाच्या नोटेवर ती अर्थखात्याचे सचिव म्हणून केलेली आणि दहाच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणून केलेली होती. पुढे हे गृहस्थ देशाचे पंतप्रधान झाले. पण त्या रात्री आम्हांस त्याहून वेगळ्याच गोष्टीचे नवल वाटले. दहाच्या नोटेवर, धारकास दहा रुपये अदा करण्याचे मी वचन देतो, असे लिहिलेले होते. रुपयाच्या नोटेवर असले कोणतेच वचन नव्हते. माणूस तोच आणि सहीही तीच. मग एका कागदावर तो वचन देतो आणि दुसऱ्यावर गप्प का राहतो?

याचा उलगडा पुढे वाचनातून झाला. रुपयाची नोट रिझर्व्ह बँकेची नसून सरकारची असते आणि कायद्याने ती नाण्याच्या बरोबरीची मानली जाते. ती स्वतःच रुपया असल्यामुळे रुपया देण्याचे वचन तीवर असण्याचे कारण नाही. इतर सर्व नोटा म्हणजे रुपये देण्याविषयीची कबुली होय. आम्ही करारनाम्यांत वाढलेली माणसे. मालकाने सही केलेला कागद आणि प्रत्यक्ष हाती पडलेला पैसा यांत किती अंतर असू शकते, ते आम्हांस कोणी शिकवावयास नको होते. म्हणूनच तो फरक मनात रुतून बसला आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही नोटा निरखू लागलो.

आता थोडा इतिहास सांगतो. आपल्या देशात सरकारी कागदी चलन सुरू झाले ते १८६१ च्या कायद्याने. त्यापूर्वी कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील इलाखा बँका आपापल्या नोटा काढीत. १८४० साली स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेच्या काही नोटांवर मुंबईच्या टाऊन हॉलचे चित्र होते, तर काहींवर एल्फिन्स्टन आणि माल्कम यांचे पुतळे होते. सत्तावनच्या उठावानंतर सरकारची तिजोरी खिळखिळी झाली. ती सावरण्यासाठी विलायतेहून जेम्स विल्सन नावाचे अर्थमंत्री १८५९ मध्ये आले. सरकारी नोटांची कल्पना त्यांनी मांडली. परंतु येथील हवा न मानवून १८६० च्या ऑगस्टात त्यांचे निधन झाले आणि कायदा झाला तो त्यांच्या मागाहून.

त्या पहिल्या नोटा राणी व्हिक्टोरियाच्या चित्राच्या होत्या. दहा, वीस, पन्नास, शंभर आणि हजार अशा त्यांच्या किंमती. छपाई एकाच बाजूस असून पाठ कोरी असे. कागद विलायतेत हाताने केलेला, त्यात जलचिन्ह, आणि मजकुराबरोबर दोन देशी भाषांचे पट्टे. बनावट नोटा फार निघू लागल्याने सरकारने त्या मागे घेतल्या आणि १८६७ पासून नव्या नमुन्याच्या नोटा आणल्या. या नमुन्यात प्रथम हिरव्या छपाईच्या नोटांवर चार भाषा होत्या, पुढे तांबड्या छपाईच्या नोटांवर त्या आठ झाल्या. पाच रुपयांची नोटही याच मालिकेत आली. दोन भाषांच्या चार आणि चारांच्या आठ का झाल्या, याचा विचार करावा. नोट जसजशी सावकाराच्या पेढीतून बाजारात आणि बाजारातून खेड्यात उतरली, तसतसे तिला त्या त्या माणसाच्या भाषेत बोलणे भाग पडले.

तरीही सामान्य माणसाचा तिच्यावर सहजासहजी विश्वास बसला नाही, आणि त्यास कारणही होते. देशाचे निरनिराळे चलनविभाग पाडलेले असून ज्या विभागाची नोट असेल त्याच विभागात तिचे पैसे मिळण्याचा कायदेशीर हक्क असे. कलकत्त्याची नोट मुंबईत घेऊन आलेल्या माणसास तीवर बट्टा सोसावा लागे. १९०३ ते १९११ या काळात पाच, दहा, पन्नास आणि शंभराच्या नोटा टप्प्याटप्प्याने देशभर चालत्या झाल्या, तेव्हा कोठे ही अडचण दूर झाली. पोटापाण्यासाठी मुलूख सोडून गिरणीत आलेल्या माणसास या एका सुधारणेचे मोल किती असेल, ते आपणच ताडावे.

त्या काळची एक चाल फार मजेदार होती. नोट टपालाने पाठवावयाची झाल्यास लोक ती मधोमध कापीत. एक अर्धे तुकडे आज पाठवावयाचे, आणि ते पोहोचल्याचे कळले की दुसरे मागाहून. नोटेचा क्रमांक दोन्ही भागांवर छापलेला असे. घेणारा दोन्ही तुकडे जुळवून चिकटवी आणि नोट पुन्हा चालती होई. अशा जोडलेल्या नोटा संग्राहकांकडे आजही आढळतात. मधली शिवण पाहून काही संग्राहक नाक मुरडतात. आम्हांस मात्र ती शिवण म्हणजे एका माणसाने दुसऱ्यासाठी घेतलेली काळजी वाटते.

पुढे पहिले महायुद्ध आले. चांदीचा भाव इतका चढला की रुपयाचे नाणे वितळविण्यात लोकांस फायदा दिसू लागला आणि टांकसाळीस नाणी पुरविणे अशक्य झाले. म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची कागदी नोट निघाली आणि लगेच १९१८ च्या जानेवारीत अडीच रुपयांची, म्हणजे दोन रुपये आठ आण्यांची नोट आली. रुपयाच्या त्या नोटेवर कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याचेच चित्र काढलेले आहे. खणखणीत चांदी वाजवून घेणाऱ्या माणसाच्या हातात कागद द्यावयाचा होता. तेव्हा निदान त्यावर नाण्याचे चित्र तरी असावे, असा तो विचार दिसतो. पंचम जॉर्ज बादशहाचा मुखवटा आपल्या नोटांवर प्रथम आला तो याच लहान नोटांवर. १ जानेवारी १९२६ पासून खर्च परवडत नाही म्हणून त्या काढणे बंद करण्यात आले.

या नोटा विलायतेहून छापून येत. १९१८ सालच्या २ जुलैस ‘शिराला’ नावाची बोट लंडनहून मुंबईस येत असता जर्मन पाणबुडीने ती बुडविली. तीत दहाच्या आणि एकाच्या नोटा होत्या. त्यांतल्या काही किनाऱ्यास लागल्या. बहुतेक नष्ट करण्यात आल्या, पण थोड्या खाजगी हातांत राहिल्या. १०६ वर्षांनी, २०२४ च्या मे महिन्यात, त्यांतील काही नोटा लंडनमध्ये लिलावास निघाल्या. ज्या नोटांनी मुंबईचा बाजार कधी पाहिला नाही, कोणाची भाजी घेतली नाही की कोणाचे भाडे भरले नाही, त्यांची ही बडदास्त.

यानंतरचा भाग आपल्या मुलखाशी निगडित आहे. परदेशातून छापील नोटा आणणे खर्चाचे आणि धोक्याचे आहे, हे युद्धाने शिकविले होते. नाशिकला सरकारी सुरक्षा छापखाना निघाला, तेथे १९२५ मध्ये तिकिटांची छपाई सुरू झाली, आणि १९२८ मध्ये नोटांचा छापखानाही उभा राहिला. १९३२ पर्यंत देशाच्या सर्व किंमतींच्या नोटा नाशिकला छापल्या जाऊ लागल्या. म्हणजे सुमारे सत्तर वर्षे जो कागद सातासमुद्रापलीकडून येत होता, त्यावर गोदावरीकाठच्या कामगारांचे हात फिरू लागले. फाळणीनंतर पाकिस्तानसाठी जादा शिक्का उठविलेल्या नोटाही १९४८ मध्ये नाशिकलाच छापल्या गेल्या. देश दुभंगला, सैन्ये वाटली गेली. पण काही महिने दोन्ही देशांच्या खिशांतला कागद एकाच छापखान्यातून निघत होता.

रिझर्व्ह बँक १९३५ मध्ये स्थापन झाली आणि तिची पहिली नोट, पाच रुपयांची, १९३८ च्या जानेवारीत निघाली. तीवर सहावे जॉर्ज आहेत. १९४३ मध्ये बँकेस पहिले भारतीय गव्हर्नर लाभले ते आपले चिंतामणराव देशमुख. बादशहाचे चित्र आणि त्याच कागदावर कोकणातल्या माणसाची सही, असा तो विलक्षण योग आहे. आमच्याकडे त्यांच्या सहीच्या शंभराच्या दोन नोटा होत्या. ‘होत्या’ असे आम्ही जाणून म्हणतो. त्यांतील एकीची हकीगत पुढे येईल.

स्वातंत्र्यानंतर बादशहाच्या जागी कोण, हा प्रश्न उभा राहिला. महात्माजींचे चित्र घालावे म्हणून नमुनेही तयार झाले होते. परंतु अखेर सारनाथच्या सिंहस्तंभावर एकमत झाले आणि १९४९ ची रुपयाची नोट ही स्वतंत्र भारताची पहिली नोट ठरली. पुढे हिंदीत ‘रुपया’चे अनेकवचन नोटेवर कसे लिहावे यावरही खल झाला व तो ‘रुपये’ या बाजूने सुटला. गांधीजी नोटेवर आले ते १९६९ मध्ये, जन्मशताब्दीनिमित्त. त्या नोटेवर ते बसलेले असून पाठीमागे वर्ध्याजवळच्या सेवाग्रामची कुटी आहे. नेहमीसाठी ते नोटांवर आले ते १९८७ च्या पाचशेच्या नोटेने आणि १९९६ नंतरच्या मालिकेने.

मधल्या काळातील नोटांची पाठ पाहणे हा आमचा मोठा आनंद आहे. दहाच्या नोटेवर शिडाचे गलबत, शंभराच्या नोटेवर हिराकूडचे धरण, पाचाच्या नोटेवर ट्रॅक्टर, दोनाच्या नोटेवर आर्यभट उपग्रह आणि रुपयाच्या नोटेवर समुद्रातील तेलविहीर. एखाद्या राष्ट्राने आपणास काय व्हावयाचे आहे ते आपल्या खिशातल्या कागदावर लिहून ठेवावे, तशी ही मालिका आहे. पुढे २०१९ च्या वीसच्या नोटेवर आपले वेरूळ आले. डोंगर वरून खाली कोरीत नेलेल्या त्या लेण्यांच्या कारागिरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. निदान त्यांचे काम कोट्यवधी हातांतून फिरते, यात समाधान मानावे.

आता नोटेची कला कशी पाहावी, याविषयी दोन शब्द. नोट प्रथम डोळ्यांनी न पाहता बोटांनी पाहावी. मोठ्या किंमतीच्या नोटांवरील मुख्य चित्र धातूच्या पत्र्यावर खोल कोरलेले असते. त्या रेघांत शाई भरून कागद मोठ्या दाबाने त्यावर बसविला जातो, म्हणून छपाई किंचित उठून येते. मग नोट उजेडाकडे धरावी. जलचिन्ह म्हणजे छपाई नव्हे. कागद ओला असतानाच त्याची जाडी कमीजास्त करून ते उठविलेले असते. नंतर बारीक वेलबुट्टीकडे वळावे. एकमेकींत गुंतलेल्या त्या रेषा यंत्राने अशा आखलेल्या असतात की हाताने नक्कल करणारा कोठे तरी चुकावाच. पैठणीचा काठ पाहणारी बाई जशी उलट बाजूने टाके तपासते, तशी ही तपासणी आहे.

आणि मागच्या बाजूचा भाषांचा पट्टा अवश्य वाचावा. त्यात १५ भाषा आहेत आणि त्या इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमाने लावलेल्या आहेत. मराठीचा क्रम आठवा, म्हणजे वर सात आणि खाली सात. शेजारची कोकणी आपल्यापासून एक ओळ सोडून वर आहे. आमच्या साक्षरता वर्गात आम्ही हा पट्टा पाटीसारखा वापरीत असू. बिहारचा, तेलंगणाचा आणि कर्नाटकचा कामगार एका बाकावर बसे. तेलुगू आणि कन्नड बोलणारे पट्ट्यात आपली ओळ शोधीत, आणि बिहारचा गडी नोट उलटून पुढल्या बाजूची हिंदी वाची. आपली लिपी सरकारने छापली आहे हे पाहून प्रौढ माणसाच्या तोंडावर जो भाव येतो, तो आम्ही पाहिला आहे.

नोटेची रचना हा केवळ शोभेचा प्रश्न नाही, हे आम्हांस एका अंध मित्राने शिकविले. तो एका कचेरीत टेलिफोनवर होता. १९९६ नंतरच्या मालिकेतील नोटा तो खुशाल ओळखी. शंभरावर उठावाचा त्रिकोण, पाचशेवर वर्तुळ, ही एक खूण. पण त्याची खरी खूण लांबीची. पन्नासची नोट १४७ मिलिमीटर, शंभराची १५७, पाचशेची १६७, हजाराची १७७, अशी सरळ दहा-दहाची चढण होती. तो बोटांच्या पेरांत नोट घाली आणि सांगे. २०१६ नंतरच्या नव्या नोटा आखूड झाल्या आणि शंभर, दोनशे व पाचशे यांच्या लांबीत चार-चार मिलिमीटरांचाच फरक उरला : १४२, १४६ आणि १५०. पहिल्या आठवड्यात त्याने रिक्षावाल्यास शंभराऐवजी पाचशे दिले. अंधांच्या संस्थेने मुंबईच्या उच्च न्यायालयात दाद मागितली. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये नोट ओळखून सांगणारे मोबाइलवरील साधनही काढले. परंतु ज्याच्या बोटांत जे ज्ञान होते ते त्याच्याकडून काढून घेतले गेले, ही गोष्ट उरतेच. सुंदर नोट कोणती, असे कोणी विचारल्यास आम्ही त्या मित्राच्या बोटांस विचारतो.

नोटेच्या कागदाविषयीही सांगितले पाहिजे. हा कागद लाकडाच्या लगद्याचा नसून कापसाचा असतो. आम्ही ज्या कोंबर यंत्रावर उभे होतो ते यंत्र कापूस विंचरते. लांब तंतू सुताकडे जातात आणि आखूड तंतू बाजूस पडतात. त्यास ‘नॉइल’ म्हणतात. तलम सुतास तो निरुपयोगी. पण नोटेच्या कागदाचा तो कच्चा माल आहे. ही गोष्ट आम्हांस नोकरी सुटून वर्षे लोटल्यावर कळली. आठ-आठ तास ज्या टाकाऊ कापसाची पोती आम्ही भरली, त्यातलाच थोडा पगाराच्या पाकिटातून परत आमच्या हाती येत असेल, हे त्या वेळी ठाऊक असते तर पाकीट अधिक निरखून उघडले असते.

आता संग्राहकांच्या जगाविषयी. या जगात कोऱ्या नोटेस मान आहे. घडी पडली की किंमत उतरते. टाचणीचे भोक असले की आणखी उतरते. पूर्वी बँका नोटांच्या गड्ड्यांस टाचण्या मारीत, त्यामुळे जुन्या नोटांना ही भोके असावयाचीच. बाजाराचा हा न्याय आम्ही समजू शकतो. कोरी नोट राहते थोडी, म्हणून ती महाग. परंतु आमचा जीव वापरलेल्या नोटेवर आहे. आमच्या वहीत एका नोटेवर पेन्सिलीने किराण्याची बेरीज केलेली आहे. एकीच्या कडेस हळदीचा डाग आहे. एक आठ घड्यांची आहे. ती कोणाच्या तरी कनवटीस वर्षभर असावी. कोऱ्या नोटेने काहीच केलेले नसते, म्हणून ती कोरी असते. आयुष्यभर काम केलेल्या माणसांत वावरल्यामुळे आमची ही दृष्टी झाली असेल. ती सर्वांनी घ्यावी असा आग्रह नाही.

नव्याने संग्रह करू इच्छिणाऱ्यांस मात्र थोडा व्यवहार सांगतो. नोट धुऊ नये, तिला इस्त्री करू नये, चिकटपट्टी लावू नये. प्लॅस्टिकमध्ये कायमची बंद करून टाकू नये. कोरड्या जागी, सपाट, उन्हापासून दूर ठेवावी. आणि अमुक क्रमांकाच्या नोटेस लाखो रुपये देतो, आधी थोडे शुल्क भरा, असे कोणी सांगितल्यास फोन खाली ठेवावा. रिझर्व्ह बँकेचे नाव पुढे करून असे पैसे उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा खुद्द बँकेने २०२१ मध्ये दिला होता.

आता देशमुखांच्या सहीच्या नोटेकडे येतो.

आपल्या देशात मोठ्या नोटा तीन वेळा रद्द झाल्या. १९४६ च्या जानेवारीत पाचशे, हजार आणि दहा हजाराच्या. १९७८ च्या जानेवारीत हजार, पाच हजार आणि दहा हजाराच्या. त्या दोन्ही वेळा गरिबाच्या घरी तसली नोट क्वचितच होती. तिसरी वेळ ८ नोव्हेंबर २०१६ ची. तेव्हा पाचशे व हजार गेल्या, आणि चलनात फिरणाऱ्या एकूण रकमेपैकी सुमारे ८६ टक्के रक्कम त्या दोन नोटांत होती. बँकेत भरण्याची मुदत ३० डिसेंबरपर्यंत होती. त्या पन्नास दिवसांत आमच्या संघटनेच्या कचेरीत दुसरे काम झाले नाही. फॉर्म भरणे, म्हाताऱ्यांस रांगेत उभे करणे आणि त्यांच्यासाठी पाणी नेणे, हेच चालले होते. सर्वांचे काम झाले, असे आम्ही समजत होतो.

२०१७ च्या पावसाळ्यात एक बाई कचेरीत आल्या. त्यांचे यजमान आमचे जुने सभासद होते. दोन वर्षांपूर्वी वारलेले. वहिनींनी पिशवीतून पत्र्याचा डबा काढला. घर शाकारताना तो माळ्यावर सापडला होता. आत पाचशेच्या तेवीस नोटा होत्या. यजमानांनी कोणास न सांगता मुलीच्या लग्नासाठी बाजूस टाकलेल्या असाव्यात. वहिनी बँकेत जाऊन आल्या होत्या, आणि तेथे त्यांस मुदत संपली असे सांगण्यात आले होते.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “तुम्ही जुन्या नोटा विकत घेता असं ऐकलं. ह्या पण आता जुन्याच झाल्या की.”

आम्हांस काय बोलावे ते सुचेना. संग्राहकाच्या हिशेबाने त्या नोटांस किंमत नव्हती, कारण तसल्या कोट्यवधी छापल्या गेल्या होत्या. कायद्याच्या हिशेबाने तर त्या जवळ बाळगणेही अडचणीचे होते. त्या वर्षी झालेल्या कायद्याप्रमाणे रद्द नोटा दहाहून अधिक ठेवणे हा गुन्हा ठरला, दंड कमीत कमी दहा हजारांचा. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्र यांसाठी मात्र पंचवीसपर्यंत ठेवता येतात. म्हणजे तेवीस नोटा विधवेच्या डब्यात राहिल्या तर गुन्हा, आणि त्याच अभ्यासकाच्या वहीत राहिल्या तर विद्या! आमच्याकडे त्या जातीची एकही नोट नव्हती, त्यामुळे संख्या मर्यादेत बसत होती.

आम्ही त्यांस दोन दिवसांनी यावयास सांगितले. देशमुखांच्या सहीच्या दोन नोटांपैकी जी चांगली होती ती एका व्यापाऱ्यास विकली. कमी पडले ते घरातून घातले. वहिनी आल्या, तेव्हा साडेअकरा हजार रुपये त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी पैशांस हात लावला नाही. “मदत नको,” त्या म्हणाल्या, “विकत घेत असाल तर सांगा.” आम्ही पावतीपुस्तक काढले, ‘पाचशे रुपयांच्या जुन्या नोटा २३, संग्रहासाठी’ असे लिहिले आणि दोघांच्या सह्या केल्या. मग त्यांनी पैसे दोनदा मोजले आणि डबा रिकामा करून परत नेला.

यात आम्ही काही मोठे केले असे सांगण्याचा हेतू नाही. असे डबे घरोघर किती निघाले असतील, आणि प्रत्येक ठिकाणी नोटा गोळा करणारा कोणी बसलेला नव्हता. रद्द झालेल्या सुमारे १५ लाख ४१ हजार कोटी रुपयांपैकी ९९.३ टक्के परत आले, असे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये जाहीर केले. न आलेली रक्कम १०,७२० कोटी. त्यात काळ्या पैशाचा वाटा किती असेल ते जाणकारांनी सांगावे. त्यांतील साडेअकरा हजारांचा हिशेब आम्ही देऊ शकतो. ते रात्रपाळीचे होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या जानेवारीत चार विरुद्ध एक अशा मताने तो निर्णय कायदेशीर ठरविला, आणि कायद्याची बाजू तेथे संपली. आमचा मुद्दा कायद्याचा नाही. नोटेवर जे वचन छापलेले असते, त्यावर विसंबून माणूस माळ्यावर डबा ठेवतो. ते वचन मागे घ्यावयाचे असेल तर ते शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचून मागे घेतले पाहिजे. करार मोडण्याची नोटीसही कामगाराच्या हातात द्यावी लागते. फाटकावर चिकटवून भागत नाही.

त्या तेवीस नोटा आमच्या वहीच्या शेवटच्या पानांवर आहेत. पाठीमागे दांडीयात्रेचे शिल्प छापलेले आहे. पुढे काठी घेतलेले गांधीजी आणि मागे त्यांची दहा माणसे, बायका-पुरुष, मिठासाठी निघालेली. आमच्या संग्रहातील बहुतेक नोटांवर राजे, सिंह, धरणे आणि देवळे आहेत. चालती सामान्य माणसे आहेत ती या रद्द झालेल्या नोटेवर. दोन नोटांना एकमेकींची घडी बसली आहे. कारण ज्याने त्या ठेवल्या त्याने त्या एका पगारात एकदम ठेवल्या असाव्यात.

आज घरी गेल्यावर खिशात नोट असल्यास ती उजेडाकडे धरून पाहावी. जलचिन्ह पाहावे, आठव्या ओळीवरची मराठी वाचावी, सही कोणाची ते पाहावे. आणि घरात कोणी वडीलधारे माणूस असेल तर त्यास विचारावे, की काही जुने ठेवलेले आहे का. नोटांसाठी म्हणून नव्हे. ठेवणाऱ्याने ते कोणासाठी ठेवले होते, हे तो असतानाच कळलेले बरे.